टाके सुकले, मनाचे काय?

बायपास शस्त्रक्रियेनंतर साधारण आठवड्या-दहा दिवसांत रुग्ण घरी येतो. छातीचे मधले हाड तारेने बांधलेले असते. ते नीट जुळायला दोन ते तीन महिने लागतात. हे घरचे सगळे जाणतात. मनालाही सावरायला वेळ लागतो, याकडे मात्र दुर्लक्ष होते.

झोप न लागणे, विनाकारण डोळे भरून येणे, चिडचिड, 'आता आपण निकामी झालो' असे वाटणे, ही लक्षणे सुरुवातीला पुष्कळांना जाणवतात. बहुतेकांची ती हळूहळू ओसरतात. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ रोज उदास वाटत असेल, तर डॉक्टरांना जरूर सांगावे. नैराश्यावर उपचार आहेत. ते अंगावर काढले तर माणूस चालणे सोडतो, औषधे टाळतो आणि हृदयालाच धोका वाढतो. जगणे नकोसे वाटू लागल्यास एक दिवसही थांबू नये.

आमच्या मते खरी अडचण घरातच होते. रुग्ण पुरुष असेल, तर पाण्याचा तांब्याही हातात दिला जातो आणि घरचे, शेतीचे व्यवहार त्याला न विचारता उरकले जातात. रुग्ण बाई असेल, तर टाके सुकताच ती पोळपाटाशी बसते, भरलेली कळशी उचलते. पहिले दोन-तीन महिने चार-पाच किलोंहून जड काही उचलू नये, हे तिला कोण सांगणार? पुरुषाला उठू देत नाहीत आणि बाईला बसू देत नाहीत!

डॉक्टरांच्या सल्ल्याने चालणे रोज थोडे वाढवावे. बैठे काम असणारे बहुधा दीड ते तीन महिन्यांत कामावर जाऊ शकतात. कष्टाच्या कामाला अधिक वेळ लागतो. पती-पत्नी संबंधांविषयी कोणी विचारत नाही, म्हणून भीती राहते. छातीचे हाड जुळले असेल आणि दोन जिने धाप न लागता, छातीत न दुखता चढता येत असतील, तर सहसा हरकत नसते. तरीही आपल्या डॉक्टरांना निःसंकोच विचारावे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे आता गरीब घरांतूनही बायपास होते. शस्त्रक्रिया दूरच्या शहरात होते आणि पुढचे महिने गावात काढायचे असतात. म्हणूनच घरी सोडताना डॉक्टरांनी पंधरा मिनिटे काढून रुग्णासह घरच्यांना या गोष्टी समजावल्या पाहिजेत. त्यांनी सांगितले नाही, तर आपण विचारावे.