वारसा आणि वास्तव्य

व्हिएन्नातील सिमरिंग येथे शहराचा गॅस साठवण्यासाठी विटांच्या चार प्रचंड वर्तुळाकार वास्तू १८९९ मध्ये पूर्ण झाल्या. १९७८ मध्ये त्यांना वारसा म्हणून संरक्षण मिळाले. १९८४ मध्ये मात्र त्यांचा वापर थांबला. केवळ संरक्षणाने वास्तू टिकत नाही. तिला उपयोगही लागतो. २००१ पर्यंत तेथे सदनिका, दुकाने व कार्यालये साकारली. बाहेरील भिंती राखून आतील टाक्या काढण्यात आल्या आणि उजेडासाठी चौक सोडण्यात आले. एका वास्तूला ढालीच्या आकाराची नवी बहुमजली इमारत जोडली गेली. तिने जुन्या विटांची नक्कल केली नाही, हे उचितच झाले.

तथापि, अशा विस्ताराचे समर्थन एकाच निकषावर व्हावे : वाढीव सदनिकांच्या उत्पन्नातून जुन्या भिंतींची देखभाल होणार आहे काय? तशी तरतूद नसल्यास वारसा हे केवळ विक्रीचे निमित्त ठरते आणि कालांतराने दुरुस्तीचा भार रहिवाशांवर पडतो. म्हणूनच वारसा वास्तूत घर घेणाऱ्याने दर्शनी सौंदर्याआधी देखभाल निधीची चौकशी करावी. कर्ज मंजूर करणाऱ्या बँकेनेही ती करणे अगत्याचे आहे. कारण तिच्याकडे तारण असते ते याच भिंतींतील घर.