चिठ्ठी पहिली काय, पाचवी काय!

दिल्लीत मुलाचा नर्सरीप्रवेश म्हणजे घरात लग्न निघाल्यासारखी धावपळ. 2014-15 च्या प्रवेशांसाठी तर नायब राज्यपालांच्या आदेशाने 100 पैकी तब्बल 70 गुण शाळा घराजवळ असण्याला ठेवले होते. झाले! आसपासच्या मुलांचे गुण सारखेच भरले आणि भवितव्य सोडतीच्या हाती गेले. नोव्हेंबर 2014 मध्ये उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. आता निकष शाळा ठरवतात; मात्र गुण सारखे झाले की सोडत आलीच.

समजा, जागा 5 आणि मुले 50. निघालेली चिठ्ठी डब्यात परत टाकत नाहीत. म्हणून पालकांना वाटते, पहिल्या फटक्यात नाव निघाले तर ठीक, नाहीतर संपले. पण हिशेब करून पाहावा. पहिल्यांदा नाव न निघण्याची शक्यता 50 पैकी 49. मग उरलेल्या 49 चिठ्ठ्यांतून ते दुसऱ्यांदा निघण्याची 49 पैकी 1. गुणाकार केला की पुन्हा 50 पैकी 1! पाचव्या चिठ्ठीचेही तेच. एकूण संधी दहात एक. अर्थात, चार चिठ्ठ्या डोळ्यांदेखत दुसऱ्यांच्या निघाल्या, की शेवटच्या वेळी संधी 46 पैकी 1 उरते. आईबापांचा जीव टांगणीला लागतो तो तिथे.

खरी परीक्षा जुळ्यांच्या आईवडिलांची. एकाची संधी दहात एक, तेव्हा दोघांची शंभरात एक, असा हिशेब सर्रास केला जातो. तो चुकतो. एकाला जागा मिळाली की मागे 49 मुले आणि चारच जागा उरतात. 50 पैकी 5 गुणिले 49 पैकी 4, म्हणजे सुमारे 122 वेळांत एकदा. उलट एक आत आणि एक बाहेर, असे शंभरात 18 वेळा घडेल. घरात रडारड होते ती यामुळेच!

दोघांची नावे एकाच चिठ्ठीवर असली तर? चिठ्ठ्या होतील 49. ती पहिल्या चारांत निघाली की दोघेही आत. ही संधी साधारण बारात एक. पाचवी निघाली तर मात्र जागा एकच उरलेली असते, तेव्हा शाळा काय करणार? जुळ्यांच्या पालकांनी हे अर्ज भरतानाच विचारून घ्यावे, आणि उत्तर लेखी मागावे.