मुलाच्या मेंदूची नोंद कुणाची?

माणसाच्या संमतीशिवाय त्याच्या मेंदूची चाचणी घेता येणार नाही, मग तो खुनाचा आरोपी का असेना, असं सर्वोच्च न्यायालयानं 5 मे 2010 रोजी सांगितलं. सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य हा तो खटला. त्याच्या दोन वर्षं आधी, 2008 मध्ये, पुण्याच्या सत्र न्यायालयात एका विद्यार्थिनीला खुनाबद्दल शिक्षा झाली, तेव्हा पुराव्यांत अशी एक चाचणी होती. आरोपीनं गप्प बसायचं, तिला वाक्यं ऐकवायची आणि डोक्याला लावलेल्या तारांनी लहरी टिपायच्या. त्या चाचणीवर माझा तेव्हाही विश्वास बसला नव्हता. तशाच तारा मी रोज लोकांच्या डोक्याला लावते.

मी बेळगावच्या खासबागची, विणकराच्या घरातली. तिथल्याच एका रुग्णालयात ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींचा आलेख, काढते. फिट येणारी मुलं जास्त. आयांनी डोक्यावर चांगलं तेल थापून आणलेलं असतं, ते आधी काढायचं, टाळू घासायची, पेस्ट लावून एकेक तार चिकटवायची. मेंदूची लहर कातडीपर्यंत येते तेव्हा व्होल्टच्या दहा लाखाव्या भागांत मोजावी लागते. रुग्णानं पापणी लववली किंवा दात आवळले, की त्या धक्क्यात ती बुडून जाते. ‘जबडा सैल सोड बाळा’ हे मी दिवसभर म्हणत असते.

म्हणून दिवाळीला भाच्यानं खेळाचा हेडसेट आणला तेव्हा मी बारकाईनं बघितलं. कपाळावर एक पट्टी, कानाला एक चिमटा. ‘आत्या, बघ की, नुसत्या विचारानं चेंडू हलालाय.’ मी त्याला दात न आवळता, कपाळाला आठी न घालता खेळायला सांगितलं. चेंडू अडला. तरी ही फसवणूक आहे असं मी म्हणणार नाही. डोळे मिटून शांत बसल्यावर सेकंदाला 8 ते 13 वेळा हेलकावणारी लहर उमटते, हे हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरांनी जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीच दाखवलं आहे. ती लहर खेळात वापरता येते. आणि जानेवारी 2024 मध्ये मेंदूत चिप बसवलेला नोलंड आर्बो हा अमेरिकन तरुण, अपघातानंतर खांद्याखाली हालचाल नसलेला, पडद्यावर बुद्धिबळ खेळला, तेव्हा मला फार आनंद झाला. अंथरुणाला खिळलेली तरुण मुलं मी बघते. त्यांच्यापर्यंत हे लवकर यावं.

पण हे तंत्र जितकं नीट चालेल तितकी माझी काळजी वाढते.

आपण शोधत असलेली किंवा ओळखीची गोष्ट अचानक समोर आली, की साधारण 300 मिलिसेकंदांनी मेंदूच्या नोंदीत एक उंचवटा दिसतो. पडद्यावर चित्रं लुकलुकवून, खेळणाऱ्याला त्यातलं कुठलं हवंय हे त्यावरून ओळखता येतं. पोलिसांच्या चाचण्यांपैकी एकीचा आधारही हाच उंचवटा. 2012 मध्ये संशोधकांनी बाजारात मिळणारा इमोटिव्ह कंपनीचा हेडसेट लोकांच्या डोक्यावर चढवून त्यांना बँकांची चिन्हं, आकडे, चेहरे दाखवले. त्यांची बँक कुठली, पिनचा आकडा कुठला, याचा तर्क दर वेळी बरोबर आला नाही, पण नुसत्या अंदाजापेक्षा बरा आला. तेव्हाच्या यंत्रावर एवढं झालं.

दुसरी गोष्ट ‘लक्षा’च्या गुणांची. असे हेडसेट शून्य ते शंभर असा आकडा दाखवतात. चीनमधल्या एका प्राथमिक शाळेत मुलांच्या कपाळाला अशा पट्ट्या बांधून कुणाचं लक्ष आहे नि कुणाचं नाही, हे बाईंना कळवलं जात होतं. 2019 मध्ये ते बाहेर आल्यावर लोक खवळले आणि ते थांबवावं लागलं. ज्या यंत्राला दात आवळणं नि विचार करणं यातला फरक धड कळत नाही, त्याच्या आकड्यावर कुणी मुलाला ढ ठरवलं तर? आणि फिट येणारं मूल क्षणभर हरवतं, त्याचं काय?

आपल्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात मेंदूच्या नोंदीला वेगळं स्थान नाही. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती लागते, त्यांच्यावर पाळत ठेवायला मनाई आहे, हे चांगलं. मात्र त्या कायद्याच्या नियमांत शैक्षणिक कामासाठी शाळांना सूट आहे. आणि संमतीचं म्हणाल तर खासबागेत, वडगावात बाप पॉवरलूमवर, आई कांड्या भरायला बसलेली, आणि अटी सगळ्या इंग्रजीत. बटण मूलच दाबतं. पूर्ण समजून दिलेली संमती ती हीच का?

चिलीनं 2021 मध्ये मेंदूतल्या माहितीचं रक्षण थेट राज्यघटनेत घातलं. 2023 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं माजी सिनेटर गिडो गिरार्डी यांची मेंदूची नोंद पुसून टाकायला इमोटिव्हला सांगितलं. आपल्याकडेही तसंच हवं. खेळ संपला की नोंद यंत्रातच पुसली जावी. ठेवायची असेल तर आम्ही रुग्णालयात घेतो तशी सही घ्यावी, मराठीत आणि कन्नडमध्ये छापलेल्या कागदावर, कुणीतरी समोर बसून समजावल्यानंतर. आणि शाळांना दिलेल्या सवलतीत मेंदूची नोंद बसत नाही, हे सरकारनं नियमातच लिहावं, पहिली पट्टी आपल्या एखाद्या वर्गात पोचण्याआधी.