ज्याच्या पोटाचा प्रश्न, त्यालाच मत नाही

वाचकहो, मुलुंडच्या चेकनाक्यावर जकातीसाठी ताटकळणाऱ्या ट्रकच्या रांगा आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असतील. दहिसर, ऐरोली, मानखुर्द, सगळीकडे तीच गत. भिवंडीच्या गोदामातून निघालेला माल मुंबईच्या हद्दीत आणायचा तर पालिकेची जकात भरावी लागे. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला आणि जकात गेली. आता अशी कल्पना करा, की असा नाका दोन गावांच्या नव्हे, तर दोन देशांच्या सीमेवरून उठला. आणि मालाबरोबर कामगारालाही परवान्याशिवाय पलीकडे जाऊन काम धरण्याची मुभा मिळाली. युरोपातील देशांनी टप्प्याटप्प्याने हेच केले आणि १ जानेवारी १९९३ पासून त्यांचा एक सामाईक बाजार उभा राहिला. माल, सेवा, भांडवल आणि माणूस या चौघांना मोकळी वाट, हा त्या बाजाराचा पाया.

ब्रिटनने युरोपीय संघात राहावे की बाहेर पडावे, यावर २३ जून २०१६ रोजी तिथे सार्वमत झाले. ५१.९ टक्के मते बाहेर पडण्याच्या बाजूने पडली, ४८.१ टक्के राहण्याच्या बाजूने. ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन संघाबाहेर पडला आणि त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला त्या सामाईक बाजारातूनही. साहेबांच्या देशातल्या या भांडणाशी घाटकोपर-मुलुंडच्या कामगार कुटुंबाचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो आपल्या शेजारच्या गोव्यातून जातो.

गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीजांच्या ताब्यातून मुक्त झाला. परंतु त्या तारखेपूर्वी गोव्यात जन्मलेल्या माणसाला, तसेच त्याच्या मुलांना व नातवंडांना, पोर्तुगालचा कायदा आजही आपले नागरिकत्व देतो. १९८६ साली पोर्तुगाल युरोपच्या गटात सामील झाला आणि या कागदाची किंमत एकदम वाढली. लिस्बनला जन्माची नोंद करा, पोर्तुगीज पासपोर्ट घ्या आणि सरळ लंडनचे विमान पकडा! हजारो गोवेकरांनी हीच वाट धरली. साउथॉल, हाउन्स्लो आणि स्विंडन इथे त्यांच्या वस्त्या झाल्या. त्यातले बहुतेक काही साहेब होण्यासाठी गेले नव्हते. कोणी गोदामात माल उचलला, कोणी विमानतळावर, हॉटेलात, हॉस्पिटलच्या साफसफाईत राबले. पोर्तुगीज भाषेचा एक शब्द न येणारा माणूस पोर्तुगीज म्हणून ब्रिटनमध्ये मजुरी करू शकत होता, तो केवळ या सामाईक बाजारामुळे.

आता यातली खरी मेख पाहा. सार्वमतात मत कोणाला होते? ब्रिटिश आणि आयरिश नागरिकांना, तसेच तिथे राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना. भारत राष्ट्रकुलात आहे. म्हणजे भारतीय पासपोर्टवर लंडनमध्ये राहणारा आपला मराठी माणूस त्या दिवशी मत देऊ शकत होता. पण त्याच रस्त्यावर राहणारा, पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेला गोवेकर देऊ शकत नव्हता. परदेशी नागरिकत्व घेतल्याबरोबर आपल्या कायद्याप्रमाणे त्याचे भारतीय नागरिकत्व गेले, गोव्यातले मत गेले. आणि ब्रिटनमध्ये त्याला नगरपालिकेच्या निवडणुकीत मत होते, पण या सार्वमतात नव्हते. ज्याची भाकरी या निकालावर टांगलेली होती, तोच मतपेटीपासून दूर राहिला. उलट, स्पेनमध्ये स्थायिक झालेल्या ब्रिटिश पेन्शनरांपैकी ज्यांना देश सोडून पंधरा वर्षांहून अधिक काळ झाला होता, त्यांनाही मत मिळाले नाही. त्यांचेही राहणे या निकालावरच अवलंबून होते.

ज्यांना मत होते, त्या आपल्या उपखंडातून गेलेल्या लोकांत मात्र कडाक्याचा वाद झाला. गोव्याच्या मुळाचीच माणसे दोन्ही बाजूंना होती. एडनमध्ये गोवेकर आईबापांच्या पोटी जन्मलेले खासदार कीथ वाझ संघात राहण्याच्या बाजूने होते, तर केनियातून आलेल्या गोवेकराच्या कन्या खासदार सुएला फर्नांडिस, पुढे ब्रेव्हरमन, बाहेर पडण्याच्या बाजूने. गुजराती कुळातल्या मंत्री प्रीती पटेल यांनी करीच्या हॉटेलवाल्यांना सांगितले, की युरोपच्या माणसाला दार उघडे असल्यामुळे तुमच्या स्वयंपाक्यांना व्हिसा मिळत नाही; बाहेर पडलो तर तुमचा रस्ता मोकळा होईल.

हा युक्तिवाद अगदीच पोकळ होता, असे आम्ही म्हणणार नाही. १ जानेवारी १९७३ रोजी ब्रिटन युरोपच्या गटात गेला आणि त्याच दिवशी राष्ट्रकुलातून येणाऱ्यांवर कडक बंधने घालणारा १९७१ चा कायदा अमलात आला. एकाच सकाळी एका दारावरचे कुलूप निघाले आणि दुसऱ्या दारावर पडले. ज्यांचे भाऊबंद त्या दुसऱ्या दाराशी वर्षानुवर्षे थांबले, त्यांच्या मनात सल राहणे स्वाभाविक होते.

पण पुढे काय झाले? १ जानेवारी २०२१ पासून युरोपचा माणूस आणि भारताचा माणूस व्हिसाच्या एकाच रांगेत आले खरे. मात्र ती रांग पगाराच्या मोजपट्टीने मोजली जाऊ लागली. कुशल कामगाराच्या व्हिसासाठी सर्वसाधारण किमान पगाराची अट एप्रिल २०२४ मध्ये वर्षाला ३८,७०० पौंड आणि २२ जुलै २०२५ पासून ४१,७०० पौंड झाली. वृद्धांची, आजाऱ्यांची सेवा करणाऱ्या केअर वर्करसाठी फेब्रुवारी २०२२ मध्ये दार उघडले, भारतातून पुष्कळ लोक गेले, आणि २२ जुलै २०२५ रोजी नव्याने परदेशातून येणाऱ्यांसाठी तेही बंद झाले. शेजाऱ्याचे दार बंद झाले म्हणून आपले उघडले नाही. पहिल्याला बाहेर ठेवायला शिकलेला हात दुसऱ्यालाही बाहेरच ठेवतो.

जे गोवेकर २०२० संपण्यापूर्वी ब्रिटनमध्ये पोहोचले होते, त्यांना ३० जून २०२१ पर्यंत अर्ज करून राहण्याचा हक्क मिळवता आला. पण धाकट्या भावाचे शिक्षण संपले की त्यालाही बोलावून घेऊ, असा ज्या घरांचा हिशेब होता, तो कोलमडला. तोच पासपोर्ट आयर्लंडला, फ्रान्सला चालतो; लंडनला नोकरीसाठी चालत नाही.

वाचकहो, हा आरसा आपल्यापुढेही धरायला हवा. आपले वाडवडील मुंबईत कुठून आले? कोणी कोकणातून बोटीने, कोणी सातारा-पुण्याकडून रेल्वेने, तर कोणी १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून. गिरणीत, गोदीत, रेल्वेत, पालिकेत लागले आणि घाटकोपर, भांडुप, मुलुंडच्या टेकड्यांवर झोपडे बांधून राहिले. गावकीच्या कामातून आणि गावकुसाबाहेरच्या जिण्यातून सुटण्याची वाट याच मोकळ्या रस्त्याने मिळाली. देशात कुठेही जाण्याचा, राहण्याचा आणि कोणताही व्यवसाय करण्याचा हक्क संविधानाच्या कलम १९ ने दिला आहे. तरीही या शहरात १९६० च्या दशकात दाक्षिणात्यांविरुद्ध आणि २००८ मध्ये उत्तर भारतीयांविरुद्ध हात उगारले गेले. काम कमी आणि हात जास्त झाले की राग शेजारच्या गरिबावर काढला जातो. मजुरी कमी देणारा मालक मात्र बाजूला राहतो. नाक्यावर कामासाठी उभ्या असलेल्या परप्रांतीयाकडे बघताना आपला आजाही असाच उभा होता, हे विसरून कसे चालेल?

आणि म्हणूनच मताची किंमत. गोवेकराला कामाची वाट मिळाली होती, पण त्या वाटेवर दार लावणे-काढणे दुसऱ्यांच्या हाती होते. बाबासाहेबांनी १९१९ साली साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या मताधिकारासाठी साक्ष दिली आणि १९२८ साली सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकार मागितला, त्यामागचे मर्म इथे कळते. नुसती भाकरी मिळून भागत नाही. भाकरीचा निर्णय होतो तिथे आपला हात वर झाला पाहिजे.

तेव्हा ज्या घरातला मुलगा किंवा मुलगी परदेशी निघाली असेल, त्या घरातल्या आईबापांनी पगार किती एवढेच विचारू नये. कागद कोणता, तो किती वर्षांचा, नोकरी सुटली तर राहता येईल का, हे विचारावे. एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला आहे की नाही, हे पैसे देण्याआधी पाहावे. परदेशी नागरिकत्व घेण्याची वेळ आली, तर इथले मत जाते हे समजून घ्यावे. भारतीय पासपोर्ट कायम असेल, तर मतदार यादीत नाव नोंदवता येते. मतदानाला मात्र स्वतः यावे लागते.

जे इथेच आहेत, त्यांनीही आपले नाव तपासावे. झोपडी तुटून ट्रान्झिट कॅम्पात गेलेली, तिथून दुसऱ्या उपनगरातल्या इमारतीत आलेली कितीतरी कुटुंबे आहेत. घर बदलते, पण यादीतले नाव जुन्या पत्त्यावरच राहते. मग मतदानाच्या दिवशी बाई सकाळी रांगेत उभी राहते आणि नाव नाही म्हणून परत फिरते. घर बदलले असेल तर फॉर्म ८ भरा, घरात अठरा वर्षे पूर्ण झालेले मूल असेल तर फॉर्म ६ भरा. या रविवारी एवढे एक काम करा.