हप्त्याच्या तराजूत विज्ञान

जीवरसायनशास्त्राची पदवी घेण्यासाठी कर्ज काढावे काय? रायपूरच्या कष्टकरी घरातील मुलीने हा प्रश्न विचारताच तिला एकच उपदेश ऐकावयास मिळतो: कर्ज एका पारड्यात, भावी मिळकत दुसऱ्या पारड्यात टाक आणि काटा कोठे झुकतो ते पाहा. उपदेश व्यवहारी दिसतो. तराजू कोणाच्या हातात आहे, याचा उच्चार मात्र त्यात नसतो.

प्रथम हा हिशेब उपदेशकांच्याच पद्धतीने करून पाहावा. सरकारी विद्यापीठातील जागा मोजक्या. तेथे प्रवेश न मिळालेल्या विद्यार्थिनीने खाजगी संस्थेत एम.एस्सी.साठी दोन वर्षे दरसाल २ लाख, असे ४ लाखांचे कर्ज १० टक्के व्याजाने घेतले असे धरू. शिक्षणाच्या काळात व त्यानंतरचे एक वर्ष हप्ता नाही; व्याज मात्र थांबत नाही. सरळव्याजाने ते तोवर १ लाख झालेले असते. मग ५ लाखांपोटी दहा वर्षे दरमहा सुमारे ६,६०० रुपये. म्हणजे ४ लाख देऊन बँक जवळजवळ ८ लाख वसूल करते. खाजगी रोगनिदान प्रयोगशाळेत या मुलीला १५ हजार रुपये पगार मिळाला असे मानले, तर त्यातील ४४ टक्के हप्त्यातच जातात. उरलेल्या ८,४०० रुपयांत खोलीचे भाडे, पोट आणि घरी पाठवावयाचे पैसे! संशोधनाची वाट धरावी, तर कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे खरी. पण ती राष्ट्रीय चाचणीच्या चाळणीतून पार पडणाऱ्या मूठभरांना. २०१९ ची वाढ तर संशोधक विद्यार्थ्यांना रस्त्यावर उतरून पदरात पाडून घ्यावी लागली होती.

शिवाय मिळकतीचे पारडे स्थिर नाही. वैद्यकीय महाविद्यालयांतील जीवरसायनशास्त्राच्या अध्यापकपदांपैकी ५० टक्क्यांपर्यंत पदे पूर्वी वैद्यकेतर एम.एस्सी., पीएच.डी.धारकांना मिळू शकत. २०२० साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने हे प्रमाण एका फटक्यात १५ टक्क्यांवर आणले; २०२५ मध्ये नियम पुन्हा बदलले. दिल्लीतील एका अधिसूचनेने पदवीचे मोल घसरते, पण कर्जाचा हप्ता एका रुपयाने कमी होत नाही. ज्या बाजाराचा अंदाज खुद्द नियम करणाऱ्यांना येत नाही, तो विशीतल्या मुलीने बांधावा, हा कोणता न्याय?

शिक्षणाचा बाजार कसा मांडला जातो, हे रायपूरने फार जवळून पाहिले आहे. छत्तीसगढच्या काँग्रेस सरकारने २००२ साली खाजगी विद्यापीठांचा कायदा केला आणि केवळ राजपत्रातील अधिसूचनेने विद्यापीठे जन्मास येऊ लागली. ती ११२ झाली. ना इमारत, ना आवार. कित्येकांचा संसार एका खोलीत! प्राध्यापक यशपाल यांच्या याचिकेवर ११ फेब्रुवारी २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कायद्याची मूळ कलमेच रद्द केली व ही दुकाने बंद झाली. दुकानदारीची नीती मात्र बंद झाली नाही.

त्या नीतीचा माग उघड आहे. १९९७ साली केंद्रीय अर्थखात्याच्या चर्चापत्राने उच्च शिक्षणाला अनुदानास फारशा पात्र नसलेल्या गोष्टींत ढकलले. २००० साली बिर्ला–अंबानी अहवालाने शिकणाऱ्यानेच किंमत मोजावी असे सांगितले. (उद्योगपतींनी शिक्षणाचे धोरण आखावे, यात राज्यकर्त्यांना काही वावगे वाटले नाही.) २००१ साली बँकांची नमुना शैक्षणिक कर्जयोजना आली. २०१७ पासून तर सरकार व कॅनरा बँक यांच्या संयुक्त वित्तसंस्थेमार्फत विद्यापीठांनाच अनुदानाऐवजी कर्ज घेण्यास लावले जात आहे. विद्यापीठ ऋणको, विद्यार्थीही ऋणको!

व्याजसवलत आहे ना, असे विचारले जाईल. २००९ ची केंद्रीय सवलत तांत्रिक व व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आखली गेली. शुद्ध विज्ञानाची पदवी त्या व्याख्येत सहज बसत नाही. नोव्हेंबर २०२४ ची विद्यालक्ष्मी योजना निवडक नामांकित संस्थांपुरती. पहिल्या यादीत देशभरातील ८६० संस्था होत्या. लहान गावच्या महाविद्यालयात शिकणाऱ्याने काय करावे? आणि बँकांची तिजोरी रिकामी आहे असेही नव्हे. २०१४-१५ ते २०२२-२३ या नऊ वर्षांत बँकांनी १४.५६ लाख कोटींची कर्जे निर्लेखित केली, त्यांपैकी ७.४० लाख कोटी बड्या उद्योग व सेवांची होती, हे सरकारनेच संसदेत सांगितले. निर्लेखन म्हणजे माफी नव्हे, हा खुलासाही सरकारचाच. विद्यार्थ्याच्या जामीनदार बापाला असा खुलासा कोणी करीत नाही.

आता पारड्यात कधीच न टाकलेली गोष्ट. छत्तीसगढच्या आदिवासी व मागास जातींत सिकलसेलचा आजार खोलवर पसरला आहे. जुलै २०२३ मध्ये केंद्राने त्याच्या निर्मूलनाची मोहीम सुरू केली. ७ कोटी लोकांची तपासणी हे लक्ष्य. रक्तातील सदोष हिमोग्लोबिन ओळखणे हे जीवरसायनशास्त्राचे काम आहे. बस्तरच्या आरोग्यकेंद्रात ते करणाऱ्या पदवीधराची समाजाला किती गरज आहे, हे तिच्या पगाराच्या चिठ्ठीवरून कळत नाही. पण ती गरज समाजाची असेल, तर तिच्या शिक्षणाचा खर्चही समाजानेच उचलला पाहिजे: सरकारी विद्यापीठांत जागा वाढवा, वसतिगृहे बांधा, आरोग्यखात्यात कायम पदे निर्माण करा, आणि गरीब विद्यार्थ्याला कर्ज नव्हे, छात्रवृत्ती द्या.

पैसा नाही, हे उत्तर जुने आहे. रायपूरचे रविशंकर विद्यापीठ १९६४ साली सुरू झाले, त्याच वर्षी कोठारी आयोग नेमला गेला. राष्ट्रीय उत्पन्नाचे ६ टक्के शिक्षणावर खर्च करावे, असे त्याने १९६६ साली सांगितले. १९६८ च्या धोरणाने तो आकडा स्वीकारला, २०२० च्या धोरणानेही स्वीकारला. एकाही सरकारने तो आजवर गाठलेला नाही.