तळ्याकाठचा तळ कोणाचा?

तलावाकाठी तंबू ठोकून रात्र काढावी, सकाळी घोड्यावरून रपेट करावी आणि दुपारी चुलीवरच्या भाकरीचे कौतुक करीत शहराकडे परतावे, ही हौस आता पुण्या-मुंबईच्या आसपासच्या धरणांपुरती उरलेली नाही. मावळातील पवना जलाशयाच्या काठावर गेल्या काही वर्षांत तंबूंची वस्तीच उभी राहिली. सोलापूर जिल्ह्यात उजनीच्या जलपर्यटनाचा आराखडा शासनाने मंजूर केला आहे. राज्याने 2020 मध्ये कृषी पर्यटनाचे आणि 2021 मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण स्वीकारले. जलाशयांकाठच्या सरकारी जागा व विश्रामगृहे खासगी व्यावसायिकांना दीर्घ मुदतीने देण्याकडे शासनाचा कल आहे. हा ओघ उजनीवरच थांबेल असे मानण्यास आधार नाही. बार्शी तालुक्यात वैराग भागातील जवळगाव आणि पानगावजवळचा हिंगणी असे दोन मध्यम प्रकल्प आहेत, आणि सोलापूर-बार्शी रस्त्यामुळे शहराला ते दूर नाहीत. तेथे उद्या उभा राहू शकणारा प्रश्न आजच तपासलेला बरा.

पर्यटनाच्या नकाशावर तलावाकाठची जमीन नेहमी 'मोकळी' दाखविली जाते. मालकी शासनाची, वर घर नाही, झाड नाही. तेव्हा ती रिकामीच. हा हिशेब कागदावर बिनचूक आणि गावात चुकीचा आहे. पावसाळ्याअखेर जलाशय भरतो, रब्बीच्या आवर्तनांबरोबर पाणी खाली सरकते आणि गाळाने माखलेला ओला पट्टा हळूहळू उघडा पडत जातो. हीच गाळपेर. पाटबंधारे खाते ती हंगामापुरती भाडेपट्ट्याने देते, आणि ज्यांची शेते धरणाच्या पोटात गेली त्यांचा त्यावर पहिला हक्क धरला जातो. 2018 च्या दुष्काळात शासनाने हीच जमीन चारापिकांसाठी एक रुपया नाममात्र भाड्याने देऊ केली होती. 2023 च्या ऑक्टोबरअखेर राज्याने ज्या 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत बार्शी होता. अवर्षणाच्या वर्षी या भागातील जनावरांचे वैरणीचे कोठार कोठे असते, याची कबुली शासनाने स्वतःच्या आदेशाने एकदा दिलेली आहे. ती विसरून त्याच पट्ट्याला कुंपण घालणे म्हणजे सुकाळातल्या उत्पन्नासाठी दुष्काळातला विमा मोडणे होय.

गाळपेरीच्या शेतकऱ्याचे नाव निदान दप्तरात तरी असते. मेंढपाळाचे तेही नसते. घोड्यांसह तलावाकाठी तळ ठोकणे ही नवलाई असेल तर ती शहराला. सोलापूर, सातारा, पुणे आणि अहिल्यानगर या जिल्ह्यांतील धनगर कुटुंबांचा तो पिढ्यान्‌पिढ्यांचा संसार आहे. ज्वारीची काढणी झाली की रिकाम्या रानात मेंढरे बसतात, वाघर लावली जाते आणि घोड्याच्या पाठीवरून बिऱ्हाड उतरते: भांडीकुंडी, अंथरुणे, कोंबड्या, चालता न येणारी कोकरे आणि प्रसंगी लहान मूलही. मेंढ्या रात्रभर शेतात बसविल्याबद्दल शेतकरी धान्य किंवा रोख रक्कम देतो, कारण त्याला लेंडीखत मिळते. अर्थशास्त्राच्या भाषेत ही दोघांच्याही लाभाची देवघेव आहे. पण तिची पावती नसल्यामुळे ती कोणत्याही आराखड्यात येत नाही. हा व्यवहार पाण्यावाचून चालत नाही. उन्हाळ्यात ओढे आटले की कळप तलावाकडे वळणारच.

या तळावरचे घोडे भीमथडी जातीचे. मराठ्यांच्या घोडदळाशी ज्या भीमथडी तट्टांचे नाव जोडलेले आहे, त्या जातीला कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने 2023 मध्ये स्वतंत्र देशी जात म्हणून नोंदविले. ही जात कोणत्याही सरकारी फार्मने टिकविलेली नाही. धनगरांच्या वाटचालीने टिकविली. तिला मानपत्र द्यायचे आणि तिच्या पाणवठ्यावर फाटक बसवायचे, ही विसंगती सरकारी कारभाराला अपरिचित मात्र नाही. वैरागहून सोलापूरला जाताना लागणाऱ्या नान्नजचे उदाहरण जवळचेच आहे. 1979 मध्ये माळढोकासाठी घोषित झालेल्या अभयारण्याची व्याप्ती आठ हजार चौरस किलोमीटरांहून अधिक होती. ती पुढे घटविण्यात आली ती जमिनींच्या व्यवहारांची अडचण झाली तेव्हा. मेंढपाळाच्या चराईची अडचण एवढी वजनदार कधीच ठरत नाही.

घोडे आणि तंबू यांचा सरकारी प्रयोग राज्यात झालेला आहे. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेडा येथे दत्तजयंतीला भरणारा घोडेबाजार जुना आणि स्वतःच्या पायावर उभा. व्यापारी आपापले घोडे घेऊन येत, राहुटी टाकत, सौदा करून जात. पर्यटन खात्याने त्याला महोत्सवाचे रूप दिले, आलिशान तंबूंची नगरी उभारली आणि तिचे काम बाहेरच्या एका कंपनीकडे सोपविले. 2019 मध्ये आर्थिक अनियमिततेचे कारण देऊन शासनालाच तो 321 कोटी रुपयांचा करार रद्द करावा लागला. बाजार त्यापूर्वीही भरत होता, त्यानंतरही भरतो. गाव जे थोडक्या खर्चात चालवीत होते, त्यावर एवढा मोठा करार का बांधावा लागला, याचे समाधानकारक उत्तर कोणी दिल्याचे ऐकिवात नाही.

याचा अर्थ वैराग भागाने पर्यटनाकडे पाठ फिरवावी असा नाही. जिरायती शेतीच्या गावात हिवाळ्याचे दोन-तीन महिने चार पैसे बाहेरून येत असतील तर ते नाकारण्याची चैन कोणाला परवडणार? प्रश्न एवढाच, की ते पैसे कोणाच्या हाती पडतात. तलावाचे पाणी, मोकळे आकाश, गावची शांतता यांपैकी काहीही तंबूवाल्याने निर्माण केलेले नसते. तरी त्यापोटी मिळणारे भाडे बहुतांशी त्याच्याच खिशात जाते आणि गावाला उरतो तो राखणदाराचा पगार व सोमवारी सकाळचा कचरा. पवनेच्या काठी धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा प्रश्न अर्धशतकानंतरही पुरता मिटलेला नाही, आणि त्याच काठावर रात्रीच्या निवासाचे दर मात्र दरवर्षी चढतात.

अमेरिकेत सरकारी जंगलांतील तलावांकाठी घोडेस्वारांच्या गटांसाठी वेगळे साधे तळ असतात. घोडे बांधण्याचे खांब, लिदीची ठरलेली जागा आणि माफक शुल्क, एवढाच त्यांचा थाट. तंबू आणि घोडे पाण्यापासून सुमारे दोनशे फूट दूर ठेवावेत, हा तेथील सर्वसाधारण दंडक. मुख्य म्हणजे जमीन सार्वजनिकच राहते. सामाईक साधनसंपत्ती तिचे वापरकर्तेच नियम घालून नीट सांभाळू शकतात, हे दाखविणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रम यांना 2009 चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. वैरागच्या मेंढपाळाला ते नाव ठाऊक असण्याची गरज नाही; कोणत्या रानात किती रात्री बसायचे याचे नियम त्याच्याकडे आहेतच.

येथे असे काही करायचे झाल्यास तळाचा परवाना काठच्या ग्रामपंचायतीला किंवा धरणग्रस्तांच्या सहकारी संस्थेला मिळावा, बाहेरच्या कंत्राटदाराला नव्हे. मुदत पाणी भरलेले असते तेवढ्या महिन्यांची, म्हणजे साधारण कार्तिक ते पौष, असावी. त्यानंतर तंबू उठावेत आणि गाळपेर मोकळी व्हावी. जनावरांची वाट व पाणवठा करारात चतुःसीमेसह लिहिला जावा, आणि मेंढपाळांच्या तळासाठी जागा राखून ठेवावी. 21 मे 2024 रोजी उजनीत कुगाव-कळाशी दरम्यान प्रवासी बोट उलटून सहा जणांचा जीव गेला. ती सहलीची होडी नव्हती, रोजच्या ये-जा करणाऱ्यांची होती. हौसेच्या होड्या सोडण्यापूर्वी जीवरक्षक जाकिटे आणि पोहणारे राखणदार कोणाच्या खर्चाने येणार, हेही करारातच ठरले पाहिजे. साहसी पर्यटनाच्या धोरणात नोंदणीची आणि सुरक्षिततेची अट आहेच. ती तपासणारा माणूस तालुक्याच्या ठिकाणी नेमला जातो की मुंबईच्या कार्यालयात, यावर पुष्कळ अवलंबून राहील.