टर्बोची गाडी: देखभाल आपल्या हातात, ताकद वाढवणं नको



कुकरची रिंग सैल झाली की आपण नवी आणून स्वतःच बसवतो. पाण्याच्या फिल्टरची कँडल, मिक्सरच्या भांड्याचं वायसर, शेगडीचा बर्नर, यातल्या कशासाठीही माणूस बोलावत नाही. मग दारात उभी असलेली आठ-दहा लाखांची गाडी एवढी परकी का? मुलांना क्लासला सोडायला, मंदिरात, दवाखान्यात, माहेरी जायला ती आपणच चालवतो. बोनेट उघडायची वेळ आली की मात्र "ते यांना विचारा". घरातली तरुण मुलं याच्या नेमकी उलट. त्यांना ऑइल बघायचा कंटाळा, पण मोबाइलवर व्हिडिओ बघून गाडीची ताकद वाढवायची भारी हौस.

माझं मत आधीच सांगते. छोट्या टर्बो गाडीची रोजची देखभाल घरच्या बाईने शिकून घ्यावी, ती अवघड नाही. आणि इंजिनाची ताकद वाढवायचा हट्ट घरात कोणी धरला, तर त्याला ठाम नाही म्हणावं. ही दोन्ही मतं एकाच कारणातून येतात, ते पुढे कळेलच.

ही टर्बो आपल्या दारात आली कशी?

आपल्याकडे चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला कर कमी लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा गाडीवर जीएसटी १८ टक्के आहे, मोठ्या गाड्यांवर ४० टक्के. त्यामुळे कंपन्यांना इंजिन लहान ठेवावं लागतं. १ एप्रिल २०२० पासून बीएस सिक्सचे नियम आले आणि छोट्या डिझेल गाड्या बऱ्याच कंपन्यांनी बंद केल्या. डिझेलच्या ओढीची सवय झालेल्या गिऱ्हाइकाला लहान पेट्रोल इंजिनात तशी ओढ द्यायची, तर टर्बो हा सोपा मार्ग. नेक्सॉन, व्हेन्यू, फ्रॉन्क्स अशा कितीतरी गाड्या एक ते सव्वा लिटरच्या इंजिनातून शंभर-एकशेवीस अश्वशक्ती काढतात, त्या टर्बोच्या जोरावर.

युक्ती जुनी आहे. आल्फ्रेड ब्युखी या स्विस इंजिनिअरने १९०५ साली तिचं पेटंट घेतलं. सायलेन्सरकडे वाया जाणाऱ्या गरम धुराने एक छोटं चक्र फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने इंजिनात हवा कोंबायची. हवा जास्त म्हणजे पेट्रोलही जास्त जाळता येतं, आणि ताकद वाढते.

आता गंमत बघा. आपला मिक्सर मिनिटाला अठरा-वीस हजार फेरे घेतो आणि घर डोक्यावर घेतो. टर्बोचं चक्र मिनिटाला एक लाखाहून जास्त फेरे घेतं. पेट्रोल गाडीत जोर लावला की त्या धुराचं तापमान ९०० अंशांच्या आसपास जातं. एवढ्या वेगाने फिरणारा दांडा ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. तो थर आहे तोवर टर्बो आहे. ऑइल कमी पडलं, जुनं झालं किंवा त्यात कचरा गेला, की मोठा खर्च ठरलेला. साधी गाडी ऑइलच्या बाबतीत थोडंफार दुर्लक्ष सोसते, टर्बो सोसत नाही.

आपण घरी काय करू शकतो?

आधी ऑइल. महिन्यातून दोनदा, गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं झाल्यावर डिपस्टिक काढायची, फडक्याने पुसायची, पुन्हा घालून काढायची. दोन खुणांच्या मध्ये ऑइल हवं. वरच्या खुणेच्या पुढे भरणंही वाईटच. ग्रेड मॅन्युअलमध्ये लिहिलेला असतो, तोच घ्यायचा. टर्बो पेट्रोल इंजिनांना कमी फेऱ्यांवर जोर लावला की आत अवेळी स्फोट होण्याचा त्रास असतो. तो कमी व्हावा म्हणून मे २०२० पासून एपीआय एसपी हा दर्जा आला आहे. मॅन्युअलने तो मागितला असेल तर डब्यावर बघूनच घ्या. ऑइल बदलायची मुदत किलोमीटर आणि महिने अशी दोन्ही दिलेली असते, जी आधी येईल ती धरायची. "गाडी फिरलीच नाही फारशी" म्हणून वर्ष ओलांडू देऊ नका. घर ते शाळा अशा दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन नीट तापतच नाही, आणि ऑइल उलट लवकर खराब होतं.

मग एअर फिल्टर. पाणी गाळून घेणं आपल्याला कोणी शिकवायला नको. हवेचंही तसंच. आपल्या भागात उसाचा हंगाम सुरू झाला की रस्त्यांवर धूळच धूळ. बहुतेक गाड्यांत फिल्टरच्या डब्याला क्लिपा किंवा चार स्क्रू असतात. काढून उजेडात धरायचा, काळा पडला असेल तर नवा घालायचा. कागदी फिल्टर धुवायचा नाही. डबा बंद करताना कडा नीट बसल्या का ते बोट फिरवून बघायचं, कारण फटीतून गेलेली धूळ थेट त्या लाखभर फेऱ्यांच्या पात्यांवर आदळते.

कूलंटची बाटली बाहेरून दिसते. पातळी थंड इंजिनावर बघायची. गरम असताना झाकण उघडायचं नाही. शिटी न झालेला कुकर आपण उघडत नाही, तसंच हे. कमी असेल तर कंपनीने सांगितलेलाच कूलंट घालायचा, नळाचं पाणी नाही, आतून क्षार धरतात. आणि पातळी पुन्हा पुन्हा उतरत असेल तर नुसतं भरत बसू नका, कुठेतरी गळती आहे.

टर्बोपासून इंजिनापर्यंत हवेचे जाड रबरी पाइप असतात. थंड इंजिनावर त्यांच्या क्लिपा सैल नाहीत ना, कुठे चीर नाही ना, हे नजरेने बघता येतं. गाडीचा पिकअप अचानक गेला आणि बोनेटखालून हवा सुटल्यासारखा आवाज येऊ लागला, तर आधी हेच तपासायला सांगा. सायलेन्सरमधून निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. तेव्हा मात्र वाट न बघता मेस्त्रीकडे.

टायरची हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी मोजायची. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो.

आणि एक गोष्ट पाना-पक्कड न लागणारी. आंबा घाट चढून वर आलात आणि चहाला थांबलात, तर चावी लगेच फिरवू नका. मिनिटभर इंजिन नुसतं चालू द्या. एकदम बंद केलं की ऑइलचा प्रवाह थांबतो, टर्बो मात्र तापलेलाच असतो, आणि आतलं ऑइल करपून चिकटतं. कढईच्या बुडाला करपलेलं काढताना काय हाल होतात ते आपल्याला ठाऊक आहे. तिथे तर घासणीही पोचत नाही.

उंदीर आणि आपला धर्म

बोनेटखाली उंदीर शिरून वायरी कुरतडतात ही तक्रार प्रत्येक घरात आहे, आणि गॅरेजवाला पहिला उपाय सांगतो तो औषध ठेवायचा. आपल्या घरात ते चालणार नाही, आणि गरजही नाही. गाडीत फरसाण, खाकऱ्याचा चुरा राहू देऊ नका. धान्याच्या पोत्यांजवळ, अडगळीजवळ गाडी लावू नका. दोन दिवसांनी एकदा तरी गाडी हलवा, बोनेट उघडून बघा, उजेड पडू द्या. तरीही आलाच तर पिंजरा लावून लांब सोडून या. थंडीत सकाळी गाडी सुरू करण्याआधी बोनेटवर दोन थापा मारायची सवय लावा. उबेला मांजराची पिल्लं आत बसलेली असतात. यत्नाचार म्हणजे आणखी काय?

तसंच वापरलेल्या ऑइलचं. घरी ऑइल बदलणारे हौशी लोक ते परसात नाहीतर गटारात ओततात. कायद्याने ते घातक कचऱ्यात मोडतं, आणि मातीतल्या जिवांचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. मी ऑइल बदलणं गॅरेजमध्येच, पण समोर उभं राहून करून घेते. घरी करायचंच असेल तर जुनं ऑइल डब्यात भरून गॅरेजला नेऊन द्या. आणि नुसत्या जॅकवर उभ्या केलेल्या गाडीखाली कोणालाही जाऊ देऊ नका, खाली पक्के स्टँड हवेतच. ब्रेक, पेट्रोलच्या नळ्या आणि एअरबॅगच्या वायरी हे घरचं काम नव्हेच.

आता मुलांची हौस

मुलं सांगतात, लॅपटॉप जोडून इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम बदलायचा, याला रिमॅप म्हणतात. तासाभराचं काम, एक नट सोडावा लागत नाही आणि ताकद वाढते. "कंपनीने मुद्दाम दाबून ठेवलीय," असं त्यांचं म्हणणं. ते अगदीच खोटं नाही. २०१७ साली आलेल्या बलेनो आरएसचं एक लिटरचं बूस्टरजेट इंजिन आपल्याकडे १०२ पीएसचं होतं, युरोपात १११ पीएसचं.

पण दाबून ठेवलेली ती जागा रिकामी नसते. उन्हाळ्यातली दुपार, गाडीत पाच माणसं आणि सामान, एसी चालू, एखाद्या पंपावरचं हलकं पेट्रोल, अर्धवट तुंबलेला फिल्टर, हे सगळं एकाच दिवशी आलं तरी इंजिन तगावं म्हणून ती राखलेली असते. रिमॅप म्हणजे हीच शिल्लक खर्चणं. हवेचा दाब वाढतो, उष्णता वाढते, आणि क्लच, गिअरबॉक्स, ब्रेक मात्र तेच राहतात. घरखर्चातून थोडे पैसे बाजूला टाकणाऱ्या आपल्याला तरी हे कळायला हवं. अडीनडीला ठेवलेले पैसे "पडून आहेत" म्हणून कोणी उडवले, तर आपण काय म्हणू?

दुसरा मुद्दा पैशाचा आणि कायद्याचा. रिमॅप कंपनीच्या लक्षात आला तर इंजिनाच्या दुरुस्तीची वॉरंटी नाकारली जाऊ शकते, आणि विमा कंपनीला न कळवलेल्या बदलावरून क्लेम अडकू शकतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसी बुकातल्या तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलाला प्रत्येकी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाजाचा सायलेन्सर बसवला तर प्रदूषणाचं कलम वेगळं, तिथे दंड दहा हजारांपर्यंत जातो. ते बाजूला ठेवलं तरी रात्री गल्लीत झोपलेलं तान्हं बाळ आणि आजारी म्हातारी माणसं दचकून उठतात, ही कोणाच्या हौशीची किंमत?

तिसरा मुद्दा आपल्या घरांतला. यात्रेहून परतताना सूर्यास्ताच्या आत जेवण व्हायला हवं, म्हणून गाडी पळवायची आणि "पिकअप जास्त हवा होता" म्हणायचं, हे मी अनेकदा ऐकलं आहे. त्याला उपाय अर्धा तास आधी निघणं हा आहे, नाहीतर डबा सोबत घेणं. परिग्रहाला मर्यादा घालणाऱ्या घरात ताकदीलाही मर्यादा असायला हरकत नाही.

मुलांना बोलताना आपणही आपले बदल तपासूया. पुढच्या सीटच्या कुशीत एअरबॅग असेल तर तिथे घट्ट शिवलेलं सीट कव्हर ती अडवू शकतं. डॅशबोर्डवर एअरबॅगच्या झाकणावर चिकटवलेली मूर्ती अपघातात फेकली जाऊन समोरच्याला लागते. भगवंतांचा फोटो हवा तर दुसरीकडे लावा. पायाखाली दोन-दोन मॅट टाकू नका, पेडलखाली अडकतात.

हौस असलेल्या मुलाला नुसतं नाही म्हणून भागणार नाही, त्याच्या हाताला काम द्या. गाडीचा कॉम्प्युटर वाचणारं छोटं यंत्र मिळतं, ते डॅशबोर्डखालच्या सॉकेटला लावलं की पेटलेल्या दिव्यामागचा कोड मोबाइलवर दिसतो. ते त्याला घेऊन द्या. कोड म्हणजे निदान नव्हे, पण गॅरेजमध्ये बोलायला आधार मिळतो. आणि हिशोबाच्या वहीत गाडीसाठी एक पान करा: तारीख, किलोमीटर, ऑइलची पातळी, टायरची हवा, काय बदललं, किती लागले. हे पान सहा महिने त्याला भरू द्या आणि तुम्ही तपासा. त्यानंतर रिमॅपचा विषय पुन्हा निघाला, तर निदान दोघांच्याही हाताला ऑइल लागलेलं असेल आणि बोलणं व्हिडिओवरून न होता आपल्या गाडीवरून होईल.

या रविवारी मॅन्युअल शोधा. बहुतेक ते डिकीत किंवा समोरच्या खणात, प्लास्टिकच्या पिशवीतून अजून बाहेरही आलेलं नसेल.